उसळ कशी होती

सकाळी सात वाजून दहा. उद्‌गीरहून सुनेत्रा:
नळ आला. आठव्या दिवशी.
मिरजेहून इक्बाल तांबोळी: मुबारक.
चिपळूणचे ताम्हाणे काका अंगठा पाठवतात.
ते कशालाही अंगठाच पाठवतात,
मागे मी डेंगीचा रिपोर्ट टाकला, त्यालाही.

चौघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही.
एकाच कंपनीचा इन्व्हर्टर चौघांकडे
एकाच उन्हाळ्यात बसला,
तक्रारी करता करता ओळख झाली.
कंपनी बुडाली. आम्ही राहिलो.

मी बडोद्याचा. खंडेराव मार्केटच्या मागे
वजनकाटे दुरुस्त करतो.

दुपारी बातमी: वडोदऱ्यात रस्त्यावर मगर.
मिरजेला ती माझ्याआधी पोचते.
आहेस ना रे, इक्बाल विचारतो.
मी लिहितो, आमच्याकडे मगरीचं कौतुक नाही,
विश्वामित्री चढली की येते,
कुणाच्या ओट्याखाली, कुणाच्या स्कूटरच्या आडोशाला,
दोन दिवस राहते, आहेर न घेता जाते.

टीव्हीवर ती दहा फुटी होती.
मी पाहिली ती गॅस एजन्सीमागच्या गटाराशी,
फार तर साडेचार,
तोंडाला सुतळी, डोळ्यांवर ओलं गोणपाट,
आणि तिला धरून बसलेला पोरगा
हळू आवाजात समजावत होता:
बस बेटा, बस, हमणां मूकी दईशुं.

फोटो? सुनेत्राने विचारलं.
काढला नव्हता.
म्हणजे थापा, इक्बाल म्हणाला,
मग टोमॅटो निघाले, मग बंद पडलेला पूल,
मग निवडणूक, जिच्यावर बोलायचं नाही असं ठरलंय
आणि दर मंगळवारी मोडतं.

शनिवारी सुनेत्राचा फोटो आला.
प्रवासात आहे, भाचीच्या ॲडमिशनसाठी.
गाव लिहिलेलं नव्हतं.
स्टीलची ताटली, वर शेव, दोन पाव, कांदा.
मागे निळ्या फरशीची भिंत, एक फरशी तडकलेली,
आणि गल्ल्याशेजारी शेव मोजायचा काटा.

काटा माझा होता.
म्हणजे त्यांचाच, पण डाव्या बाजूची पितळी रिबिट
दिवाळीआधी मी मारलेली.
फोटो मोठा करून पाहिला. मीच मारलेली.

चार गल्ल्या.
मी चपला घातल्या. दुकानाचं अर्धं शटर ओढलं.
मग उभाच राहिलो.

गेल्या माघात मिरज स्टेशनवर मी चाळीस मिनिटं होतो.
इक्बालने कधीतरी सांगितलेलं: समोरच, हिरवी पाटी, बाहेर दोन कुंड्या.
पाटी दिसली. कुंडी एकच होती.
आत पाठमोरा कुणीतरी पान पुसत होता.
चहा घेतला, परत घेतला, गाडी आली.

मी बोलताना अडतो.
स्वतःच्या नावाशी तर हमखास,
पहिलंच अक्षर दाराशी बसून राहतं.
लिहिताना हे कुणाला कळत नाही,
चार वर्षं मी सर्वांत जास्त बोलणारा आहे.

सुनेत्राचं काय असेल, कोण जाणे.
असेल काहीतरी. प्रत्येकाचं असतं.

शटर वर केलं. काट्यावर एक किलोचं माप ठेवलं,
एक किलोच भरलं.
मग लिहिलं: उसळ कशी होती?

तिच्या नावाखाली ठिपके हलत राहिले,
थांबले, पुन्हा हलले.
एवढा वेळ तिने निवडणुकीलाही घेतला नव्हता.
शेवटी आलं:
तिखट. तरी परत घेतली.

आणि थोड्या वेळाने:
तुमच्या त्या मगरीचं काय झालं?

सोडली, मी लिहिलं. पुलाखाली.
इक्बाल म्हणाला, आलो कधी तर दाखव.
हो, म्हटलं, नक्की.

ताम्हाणे काकांचा अंगठा.